बाणाचा ण

जोगजाहून, म्हणजे जावा बेटावरच्या योग्यकार्ताहून, आणलेलं सगळं वाटून झालं. बाटिकचे रुमाल गेले, नारळाच्या झाडाचा गूळ गेला, काढ्याची पाकिटंही गेली. उरला एक कागद. शाळेच्या वहीतून फाडलेला, रेघांचा, एका कडेला फाटका. त्यावर काळ्या शाईत दोन अक्षरं आहेत आणि दुसऱ्या अक्षराच्या पायाशी शाईचा मसुराएवढा डाग. तो डाग माझ्यामुळे पडला. लिहिणाऱ्याचा हात कागदावर असताना मी मध्येच बोलले, हात थांबला, आणि बोरूतली शाई तिथेच मुरली. चार महिने झाले. कागद वहीत आहे, आणि मी ती वही उघडायचं टाळते आहे.

बारा दिवस बाटिक शिकायला गेले होते. दिवसभर उकळत्या मेणाचा वास, हातात चांतिंग नावाची चोचीची इवलीशी पळी, मांडीवर कापड. संध्याकाळी आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक निवृत्त शिक्षक ओसरीवर मुलांना जावानीज अक्षरं शिकवत. सगळे त्यांना ‘पाक’ म्हणायचे, म्हणून मीही. मुलांच्या मागे बसून मी पण गिरवायला लागले. काचेच्या पेल्यात गोडमिट्ट चहा, शेजारच्या कुणाच्या तरी लवंगी सिगारेटचा तडतडणारा धूर, आणि पंधरा मुलांचा एका सुरातला घोष: होनो चोरोको, दोतो सोवोलो. लिहितात ‘हानाचाराका’, पण मोकळा ‘आ’ जावानीज तोंडात ‘ऑ’ होतो. लिहिलेलं आणि म्हटलेलं यात इतकं अंतर असूनही कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. कळलं मात्र नाही.

आपली मुळाक्षरं तोंडाच्या नकाशावर मांडलेली आहेत. कंठापासून निघायचं आणि ओठांपर्यंत यायचं. त्यांची मांडणी गोष्टीवर आहे. आजी साका नावाचा राजा (तिकडे ‘आजी’ म्हणजे राजा) आपली कट्यार एका सेवकाकडे ठेवून जातो. सांगतो, मी स्वतः आल्याशिवाय कुणाला देऊ नकोस. पुढे राज्य मिळाल्यावर तो दुसऱ्या सेवकाला पाठवतो, जा, घेऊन ये. पहिला देत नाही, दुसरा हटत नाही. दोघंही एकाच धन्याचा शब्द पाळत असतात, आणि शब्द पाळता पाळता एकमेकांच्या हातून मरतात. राजाला आपली चूक उमगते आणि तो चार ओळी रचतो: होते दोन दूत, त्यांचं भांडण झालं, दोघं तुल्यबळ, झाली दोघांची प्रेतं. या चार ओळींची वीस अक्षरं म्हणजे त्यांची मुळाक्षरं. त्यातला दुसरा ‘न’. ‘हाना’ म्हणजे ‘होते’, त्यातला. पाक ही गोष्ट सांगत तेव्हा शेवटच्या ओळीला मुलं गप्प होत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भाषेतली मुलं लिहायची सुरुवात एका राजाच्या पश्चात्तापापासून करतात, त्या भाषेबद्दल मला पहिल्या संध्याकाळपासूनच माया वाटायला लागली.

आणि साका म्हणजे आपला शकच. पाडव्याला पंचांगात आपण जो शक वाचतो, तीच गणना जावाही करत होता. १६३३ मध्ये सुलतान आगुंगने वर्ष चांद्र केलं, हिजरीच्या चालीचं. पण १५५५ हा शकाचा आकडा मोडला नाही, तोच पुढे चालवला. चांद्र वर्ष आखूड, त्यामुळे आज त्यांचा आकडा आपल्या शकाच्या बारा वर्षं पुढे गेला आहे. एकाच घरातून निघालेली दोन माणसं वेगवेगळ्या चालीने चालत राहावीत, तसं.

पाचव्या संध्याकाळी पाकनी माझं नाव विचारलं.

‘वीणा’ म्हटलं. त्यांनी ‘वीना’ असं स्वतःशी म्हणून पाहिलं आणि मुलाच्या वहीतला कागद घेतला. आधी ‘व’ काढला, त्याच्या डोक्यावर छोटा गोल, म्हणजे ‘इ’. मग थांबले. पुढचा ‘न’ येणार हे मला माहीत होतं. चार दिवसांत तो मी पन्नासदा गिरवला होता. पण त्यांनी तो काढला नाही. दुसरंच एक अक्षर काढलं, वीसांत नसलेलं, जरा ऐसपैस. म्हणाले, ‘ना मुर्दा’. मुर्दा म्हणजे आपला मूर्धा, मस्तक. आदराच्या नावासाठी ही वेगळी अक्षरं असतात. वाक्याच्या सुरुवातीला येत नाहीत, फक्त मानासाठी येतात. सगळ्याच अक्षरांना मुर्दा रूप नसतं. ‘व’ला नाही. मग नावातलं पुढचं जे अक्षर मान घेऊ शकतं, त्याला तो देतात. त्यांनी ओसरीवरच्या भिंतीचा तक्ता दाखवला: ना मुर्दा, का मुर्दा, ता मुर्दा, सा, पा, गा, बा. तक्त्यावर बोट फिरवत ते जुने शब्द म्हणू लागले, वार्ना, गुना, कारना. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. वर्ण, गुण, कारण. ही आदराची अक्षरं म्हणजे आपले ण, ख, थ, श, फ, घ, भ. संस्कृतातून गेलेले. जावानीज तोंडाला यातला एकही आवाज लागत नाही. आवाज गळून गेले, अक्षरं रिकामी झाली. त्यांनी ती टाकली नाहीत. घरातल्या वापरात नसलेल्या चांदीच्या ताटासारखी जपून ठेवली आणि मानाचा पाहुणा आला की काढायला लागले.

आणि माझ्या नावात तो ण बरोबर जागेवर येऊन बसला होता. आदराचा नियम पाळता पाळता पाकनी माझं नाव अगदी शुद्ध लिहिलं होतं.

‘वीना,’ त्यांनी वाचून दाखवलं.

‘नाही नाही,’ मी म्हणाले. ‘ण. हा ण आहे. वीणा.’ बोरू कागदावर थांबला. ‘जीभ अशी वर वळवायची.’ मी तोंड उघडून दाखवलं. मुलं हसायला लागली. सत्तरीच्या त्या माणसाने खरंच जीभ वळवून पाहिली. त्यांना ट-ड परके नाहीत. बाटिकमधला ट ते आपल्यासारखाच ठसठशीत म्हणतात. पण ‘ण’ येईना. दोनदा, तीनदा. मी पुन्हा म्हटलं, ‘ण, ण’. शेवटी ते मृदू हसले, ‘ङ्गिह, ङ्गिह’ म्हणाले, म्हणजे हो हो, आणि कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. त्यावर डाग पडला होता.

त्या रात्री मच्छरदाणीत पडल्या पडल्या मला तो माझाच आवाज ऐकू येत राहिला. ण, ण. आवाज ओळखीचा होता, पण तो माझा नव्हता.

बाबांची बदली अकोल्याकडून पुण्याला झाली तेव्हा मी तिसरीत होते. माझं नाव आत्याने ठेवलेलं. माय मला ‘ईना’ म्हणायची. आमच्याकडे विहिरीची इहीर होते, डोळ्याचा डोया होतो, आणि पाणी पानीच असतं. ‘ईना, पानी आन बरं.’ या हाकेत काही कमी आहे असं मला आठ वर्षांची होईपर्यंत वाटलं नव्हतं. पुण्यातल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं. बाण, पाणी, लोणी, आणि. म्हण. मी म्हटलं. पुन्हा म्हण. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. महिन्याभरात मला ण आला, आणि आल्यावर मी तो घरी नेला. जेवताना मायच्या प्रत्येक ‘जेवन’ला मी ‘जेवण’ म्हणायची. मैत्रिणी आल्या की माय ‘आई’ व्हायची. तीही मुकाट्याने आई व्हायची.

पालकांच्या भेटीच्या दिवशी ती निळ्या काठांची साडी नेसून आली. तिने तयारी केली होती, हे मला खूप उशिरा कळलं. घरात एकटी असताना ती ण म्हणून बघत असणार. कुठे लावायचा हे कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून तिने सगळीकडे लावला. बाईंनी विचारलं, पुण्यात रमलात का. माय म्हणाली, ‘मण लागत णाही अजूण.’ बाई हसल्या. वाईट नव्हत्या त्या, सवयीने हसल्या. मागच्या बाकावरचे दोन पालकही हसले. आणि मी, तिचा हात धरून उभी असलेली, तिथल्या तिथे म्हणाले, ‘आई, मन. मन म्हणतात.’

त्यानंतर माय शाळेत आली नाही. वर्षभर तर बाहेरच्या माणसांशी मानेनेच बोलायची. हो, नाही, बसा. वाण्याकडे नुसतं बोट दाखवायची. लोणी हवं असलं की मला पाठवायची.

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. केलं. महाराष्ट्री प्राकृतचा पेपर होता. त्यात शिकलो की या भाषेत न जाऊन सरसकट ण येतो. नगराचं णअर, नाथाचा णाह, नमोचं णमो. आणि मन? मण. सातवाहनांच्या काळातल्या गाथा याच भाषेतल्या. म्हणजे त्या बाकासमोर उभी राहून माय जे बोलली ते दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीकाठी कुणीही बोललं असतं, आणि तिथे कुणी हसलं नसतं. हे मला वर्गात कळलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत लिहिलंही. मायला सांगितलं नाही. कसं सांगायचं? तुझं बरोबर होतं म्हणायचं तर आधी तो दिवस काढावा लागला असता, आणि तो दिवस आम्ही दोघींनी कधीच काढलेला नाही.

जोगजात दुसऱ्या दिवशी मेणाचं काम माझ्याकडून नीट झालं नाही. रेघ फुटत होती. संध्याकाळी पाककडे जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. ते काही झालंच नसल्यासारखे ‘या, बू वीना’ (बू म्हणजे बाई) म्हणाले आणि त्यांनी जोडाक्षरं काढली.

जोडाक्षराच्या बाबतीत ती लिपी आपल्यापेक्षा फार सौम्य आहे, असं मला वाटतं. आपण जोडाक्षर करताना पहिल्या अक्षराचा काना कापतो, अर्धं करतो. तिकडे पहिलं अक्षर पूर्णच राहतं. दुसरं अक्षर वेगळं रूप घेतं आणि बहुतेक वेळा त्याच्या खाली जाऊन बसतं. ह, स, प यांच्यासारखी थोडी अक्षरं तेवढी शेजारी उभी राहतात. खाली कुणी येऊन बसलं की वरच्याचा स्वर आपोआप मिटतो. या खालच्या रूपाला म्हणतात ‘पसङान’, जोडीदार. (ङ आपल्याकडे वाङ्मयापुरता उरला; तिकडे तो वीस अक्षरांत शेवटचा, आणि रोजच्या वापरातला.) शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे एका शब्दाचं शेवटचं व्यंजन आणि पुढच्याचं पहिलं यांचीही जोडी लागते. वाक्य संपेपर्यंत कुणी ना कुणी कुणाच्या तरी आधाराला असतं.

आणि वाक्याच्या अगदी शेवटी, खाली बसायला कुणीच नसेल तेव्हा? आपण अशा अक्षराचा पाय मोडतो. हाच शब्द आहे आपल्याकडे, पाय मोडणे. लहानपणी पाटीवर तो म्हणताना काही वाटलं नाही. तिकडे त्या जागी येणाऱ्या चिन्हाचं नाव ‘पंकोन’. पंकु म्हणजे मांडी, मांडीवर घेणं. अक्षराला मांडीवर घेतात, आणि मांडीवर घेतलं की त्याचा आवाज शांत होतो. पाकनी यावरून तिकडची प्रसिद्ध म्हण सांगितली: जावाचा माणूस मांडीवर घेतला की मरतो. म्हणजे त्याला जोराने हलवता येत नाही. मायेने, मानाने घ्या, मग तो स्वतःहून विरघळतो. हे सांगताना ते मुलांकडे बघत होते. पण मला वाटलं मला सांगतायत. तसं नसेलही.

त्यांनी आणखी एक नियम सांगितला. मुर्दा अक्षर शब्दाच्या शेवटी मुकं करून ठेवायचं नाही. तिथे साधंच वापरायचं. ज्याला मान दिला, त्याचा आवाज काढून घ्यायचा नाही.

मी बोरू खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

परतीच्या आधी तिथल्या राजवाड्यात गेले. तिथली जुनी हस्तलिखितं १८१२ च्या जूनमध्ये इंग्रजांनी लुटून नेली. लोकांच्या तोंडी त्या लुटीचं नाव आजही ‘गेगेर सेपेही’ आहे, शिपायांचा धुमाकूळ. कारण इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेले शिपाई होते. त्यातल्या पंच्याहत्तर पोथ्यांच्या संगणकीय प्रती २०१९ मध्ये लंडनहून सुलतानाला देण्यात आल्या. मूळ पोथ्या तिकडेच आहेत. ‘हा तर आपला ण’ म्हणून मला ओसरीवर जी ऐट आली होती, ती तिथे उभी असताना उतरली. अक्षरं तिकडे गेली त्याला दीड हजाराहून जास्त वर्षं झाली. मध्य जावातल्या चांगालच्या शिलालेखात शके ६५४ कोरलंय, म्हणजे इसवी सन ७३२, आणि ते आकड्यांत नाही, श्रुति-इंद्रिय-रस अशा शब्दांत. चार, पाच, सहा, उलटीकडून वाचायचे. तेव्हाच्या लेखनिकांना ण लिहिता येत होता. पण त्या डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला तो म्हणता येत असेल असं मला वाटत नाही. आणि ण म्हणू न शकणाऱ्यांनीच पुढे शतकानुशतकं ते अक्षर जिवंत ठेवलं. ताडपत्रावर, सालीच्या कागदावर, १८५५ च्या ‘ब्रोमार्तानी’ या जावानीज वृत्तपत्राच्या खिळ्यांत, आता रस्त्यांच्या पाट्यांवर. ण म्हणू शकणाऱ्यांनी त्याचं काय केलं, हे मला घरचं माहीत आहे.

शेवटच्या संध्याकाळी पाकना नमस्कार करताना सॉरी म्हणायचं होतं. शब्द जुळवून नेले होते. तेवढ्यात एका मुलाने चहा सांडला आणि राहून गेलं. मी त्यांना एकच विचारलं, आईचं नाव कसं लिहू? म्हणाले, काय नाव? नर्मदा म्हटलं. आई म्हणजे मुर्दाच, ते म्हणाले, त्यात विचारायचं काय. आणि मला लिहायला लावलं. ना मुर्दा. त्याच्या डोक्यावर ‘र’चं चिन्ह. आपला रफार म वर जातो, त्यांचा न वरच थांबतो. त्याला ‘लायार’ म्हणतात, शीड. मग मा, मग दा. त्यांनी ‘नारमादा’ वाचलं. मी ऐकून घेतलं.

परवा अखेर वही उघडली. माय आता भावाकडे असते, अकोल्याला. कान मंद झालेत, डोळे शाबूत. तिच्या खाटेवर बसून मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने आधी डागाचा कागद उचलला, उन्हाकडे धरला, अंगठा डागावरून फिरवला.

‘काय लिवलं?’

‘माझं नाव. आणि हे तुझं. तिकडच्या अक्षरात.’

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. बराच वेळ बघत होती. मग माझ्या नावातल्या दुसऱ्या अक्षरावर आणि तिच्या नावातल्या पहिल्यावर बोट ठेवलं. ‘हे एकच हाय.’

‘हो.’

‘न हाय का?’ आणि मग, पाटीवर शिकल्यासारखं, ‘नयाचा का बानाचा?’

चाळीस वर्षांत आम्हा दोघींत ही दोन अक्षरं कुणी उच्चारली नव्हती. घशाशी काहीतरी आलं.

‘बाणाचा,’ मी म्हणाले. ‘मोठ्या माणसाच्या नावाला लावतात तिकडं.’

‘मंग ते लोकं वाचतात कसा?’

‘तू वाचतेस तसा, माय.’

तिने मान हलवली. उशाखालची रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्या नावाचा कागद चार घड्या घालून त्यात ठेवला. माझा मला परत दिला.